मला कोणतंच कृपादान मिळालं नाही, मग जबाबदारी कशी घेऊ?

वाचकाचं पत्र

प्रभूमध्ये सलाम. प्रभूवर विश्वास ठेवून मला बारा वर्षं झाली. आमच्या मंडळीत गेल्या वर्षीपासून शुक्रवारची उपवास-प्रार्थना सुरू झाली आहे. तिथे बऱ्याच जणांना अन्य भाषा बोलण्याचं, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याचं, कृपादान मिळालं, एका बहिणीला दर्शनं होतात. माझ्या डोक्यावर हात ठेवून दोनदा प्रार्थना झाली, पण काहीच घडलं नाही. दुसऱ्या वेळी प्रार्थना करणारे भाऊ म्हणाले, "तोंड उघडा, माझ्या मागोमाग म्हणा." सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. मी त्यांच्यासारखंच काहीतरी पुटपुटले. सगळ्यांनी मोठ्याने "हालेलूया" म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पवित्र आत्म्याशी खोटं बोलले का?

एक बहीण म्हणाली की दान मिळत नसेल तर आयुष्यात कुठेतरी लपवलेलं पाप असेल. मी लहानपणापासूनची पापं आठवून आठवून कबूल केली. आठवड्यातून दोन दिवस पाणीसुद्धा न घेता उपवास धरते. मला मधुमेह आहे, त्यामुळे चक्कर येते, पण उपवास अजून वाढवावा असं वाटतं.

आता पाळकांनी मला भगिनी मंडळाची जबाबदारी घ्यायला सांगितलं आहे. आधीच्या ताई बोलायला उभ्या राहिल्या की साऱ्या बायकांचे डोळे भरून यायचे. मला चार माणसांत प्रार्थना करायची म्हटली तरी शब्द सुचत नाहीत. मी फक्त एवढंच करते: मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांच्याकडे दर गुरुवारी जाते, त्यांना स्तोत्र वाचून दाखवते, केस विंचरून वेणी घालून देते. तेवढ्या वेळात त्यांच्या लेकीची बाहेरची कामं होतात. पण हे काही कृपादान नव्हे. देवाने मला काहीच दिलेलं नसताना मी हो कसं म्हणू? नाही म्हटलं तर तो अविश्वास होईल का?

— एक बहीण

उत्तर

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचे प्रश्न बरेच आहेत आणि सगळेच महत्त्वाचे आहेत, पण एक गोष्ट थांबणारी नाही, म्हणून ती आधी. पाणी न घेता धरलेला उपवास आजपासून बंद करा. मधुमेहात उपाशी राहणं, त्यात पाणी तोडणं आणि वर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणं जिवावर बेतू शकतं. चक्कर येते म्हणजे शरीराने इशारा दिलेला आहे. डॉक्टरांकडे जा आणि उपवासाबद्दल काहीही न लपवता त्यांना सांगा. देवाला तुमची प्रार्थना ऐकू यावी म्हणून तुम्ही अशक्त व्हायची गरज नाही. उपवास करणाऱ्यांना प्रभूने मत्तयच्या सहाव्या अध्यायात शिकवण दिली आहे. तिथे पित्याचं मन वळवण्यासाठी किती दिवस उपाशी राहावं याचा हिशेब कुठेही नाही. दान मिळेपर्यंत उपवास वाढवत नेणं म्हणजे देवाशी सौदा करणं झालं, आणि या सौद्याची किंमत तुमचं शरीर भरतं आहे. प्रार्थनेसाठी वेळ काढायचाच असेल तर वेळेवर जेवा, औषध घ्या आणि मग बसा.

आता त्या रात्रीबद्दल. तुमच्या मनात हनन्या आणि सप्पीरा आले असणार. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातली ती घटना वाचली की कोणाच्याही अंगावर काटा येतो. पण त्या दोघांनी घरी बसून, विचार करून, मंडळीत मान मिळावा म्हणून लबाडी ठरवली होती: विकलेल्या जमिनीचे काही पैसे मागे ठेवून सगळे दिले असं दाखवायचं. तुम्हाला भर सभेत कोंडीत पकडलं गेलं, सगळे वाट बघत होते आणि त्यातून सुटण्यासाठी तुम्ही पुटपुटलात. हे बरोबर झालं असं मी म्हणणार नाही, कारण तुमचं मनही तसं म्हणत नाही. मात्र रात्रभर जे टोचत राहिलं त्याकडे जरा नीट बघा. पापाविषयी खात्री पटवणं हे पवित्र आत्म्याचं काम आहे असं प्रभूने सांगितलं, ते योहान १६:८ मध्ये आहे. ज्या आत्म्याने आपल्याला टाळलं असं तुम्हाला वाटतं, तोच त्या रात्री तुमच्याशी बोलत होता असं मी मानते.

ही गोष्ट देवाला एकदा सरळ सांगा आणि त्याची क्षमा घ्या. मग शक्य असेल तर त्या भावांना एकटं गाठून शांतपणे सांगा: "भाऊ, त्या दिवशी मी जे म्हटलं ते माझं होतं, आत्म्याचं नव्हतं. मी घाबरून म्हटलं." त्यांना राग आला तरी चालेल. कदाचित त्यांना बरंही वाटेल, आणि पुढच्या माणसाला ते असं म्हणायला लावणार नाहीत. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला त्या सणाच्या दिवशी, यरुशलेमेत ते बोलू लागले तेव्हा आत्म्याने त्यांना जशी वाचा दिली तसे ते बोलले असं कृत्ये २:४ सांगतं. माझ्या मागोमाग म्हणा, असं पेत्र किंवा पौल कोणालाही म्हणाल्याचं सबंध पुस्तकात एकदाही सापडत नाही. देवाला द्यायचं असेल तर त्याला उच्चार शिकवायला कोणी लागत नाही.

हे लिहिताना मला दुसऱ्या बाजूलाही अन्याय करायचा नाही. तुमच्या मंडळीत ज्यांना खरोखर हे दान मिळालं आहे त्यांच्याकडे संशयाने बघू नका. पौल स्वतः अन्य भाषा बोलत असे, करिंथच्या मंडळीतल्या लोकांपेक्षा जास्त, आणि कोणाला मना करू नका असंही तो लिहितो. अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण मानणारे बंधुभगिनी कृत्यांच्या दुसऱ्या, दहाव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांकडे बोट दाखवतात आणि तिथे ते लिहिलेलं आहेच. पण त्याच पुस्तकात पन्नासाव्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेले सुमारे तीन हजार लोकही आहेत. ते शिकवणीत, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले असं त्यांच्याबद्दल सांगितलं आहे, अन्य भाषेचा उल्लेख नाही. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आहे. त्याने मध्यरात्री पौल-सीलांच्या जखमा धुतल्या, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला, त्यांना जेवू घातलं आणि सहकुटुंब आनंद केला. तो अन्य भाषा बोलला की नाही याची कृत्यांचं पुस्तक लिहिणाऱ्या लूकने नोंद केलेली नाही. जी गोष्ट वचनाने प्रत्येकाकडे मागितली नाही, ती तुमच्याकडे मागायचा कोणाला अधिकार नाही.

लपवलेल्या पापाचं जे सांगितलं गेलं, त्याने मला सर्वात जास्त वाईट वाटलं. पाप कबूल करणं चांगलंच, ते आयुष्यभर करायचं असतं. पण दान मिळत नाही म्हणजे पाप आहे, हे गणित करिंथच्या मंडळीपुढे टिकत नाही. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता. पुढे इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून त्याने त्यांना पत्र लिहिलं. पत्राच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की कोणत्याही कृपादानात तुम्ही उणे नाही. आणि मग पुढे वाचत जा. त्या मंडळीत गट पडले होते. एक जण बापाच्या बायकोबरोबर राहत होता आणि मंडळीला त्याचं काही वाटत नव्हतं. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. दानं भरपूर होती, आणि तीच माणसं आत्मिक दृष्ट्या अजून बाळं आहेत असं पौलाला तिसऱ्या अध्यायात लिहावं लागलं. दानावरून माणसाची पवित्रता मोजता आली असती तर करिंथ सगळ्यांच्या पुढे असतं.

प्रभू तर याहून कडक बोलला आहे. मत्तय ७ मध्ये शेवटच्या दिवशी काही जण येऊन म्हणतात की आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, पुष्कळ महत्कृत्यं केली, आणि त्यांना उत्तर मिळतं की माझी तुमची कधीच ओळख नव्हती. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ज्या मापाने तुम्ही स्वतःला मोजून हलकं ठरवता आहात, ते माप प्रभू वापरत नाही.

आणि बाप्तिस्मा करणारा योहान. त्याच्याबद्दल या विषयात फार कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबते. तो आईच्या पोटात असल्यापासून पवित्र आत्म्याने भरलेला होता, असं लूक १:१५ सांगतं. स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी झाला नाही, ही साक्ष स्वतः येशूची आहे. आणि योहान १०:४१ मध्ये लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात? योहानाने एकही चिन्ह, म्हणजे चमत्कार, केलं नाही, पण या माणसाविषयी, म्हणजे येशूविषयी, तो जे बोलला ते सगळं खरं होतं. एकही चिन्ह नाही. एलीया संदेष्ट्याच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने येणारा म्हणून ज्याची घोषणा झाली, त्याच्या हातून ना कोणी बरा झाला, ना आकाशातून अग्नी उतरला. त्याला एक काम दिलं होतं, येणाऱ्याकडे बोट दाखवायचं, आणि त्या कामाला जे लागतं ते त्याला पुरेपूर मिळालं होतं. पुढचंच वचन सांगतं की तिथे पुष्कळांनी येशूवर विश्वास ठेवला. तुम्ही रिकाम्या आहात असं पुन्हा कोणी म्हटलं तर या योहानाची आठवण करा.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. दान माणसाला त्याच्या शोभेसाठी मिळत नाही, समोरच्या गरजेसाठी मिळतं. १ करिंथ १२:७ मध्ये ते सर्वांच्या हितासाठी असल्याचं म्हटलं आहे आणि ११ व्या वचनात आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे एकेकाला वाटून देतो असं आहे. वाटणारा तो, गरज कोणाची आहे हे ओळखणारा तो, कोणाच्या हातून भागवायची हे ठरवणाराही तोच. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल एकामागून एक सात प्रश्न विचारतो: सगळेच प्रेषित आहेत काय, सगळेच संदेष्टे आहेत काय, असं करत करत सगळेच अन्य भाषा बोलतात काय, इथपर्यंत येतो. उत्तर नाही असंच आहे, आणि त्यात त्याला काही बिघडलंय असं वाटत नाही. शरीर असंच चालतं. पाय म्हणाला की मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, तरी तो शरीराचा असायचा राहत नाही. तुमचं पत्र वाचताना मला तो पाय बोलतोय असं वाटत राहिलं.

तुम्ही आतापर्यंत स्वतःच्या आत बघत आलात: माझ्यात काय आहे, मला काय झालं, मला काय जाणवलं. तिथे दान सहसा दिसत नाही. ते ज्याला मिळायचं त्याच्याकडे जाऊन बघावं लागतं. यापोची दुर्कस आठवा, जिला तबिथाही म्हणत. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावणं गेलं. तो माडीवरच्या खोलीत आला, तर विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवत होत्या. दुर्कसला कोणतं दान होतं याची चर्चा तिथे झालेली नाही. तिने दर्शन बघितल्याचं लिहिलेलं नाही, भाषण केल्याचंही नाही. पण लूक तिला शिष्या म्हणतो, आणि नव्या करारात या शब्दाने ओळखली गेलेली ती एकच बाई आहे. तिचं दान त्या विधवांच्या अंगावर होतं.

तर ताई, "हे काही कृपादान नव्हे" हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सात दानं मोजतो: संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध करणं, दान देणं, पुढारपण आणि शेवटी दया करणं, तीही हर्षाने. दया त्या यादीत संदेशाच्या बरोबरीने बसली आहे. अंथरुणाला खिळलेल्या बाईचे केस विंचरणं म्हणजे काय हे ज्याने केलं आहे त्यालाच कळतं. गुंता हळूच सोडवावा लागतो, मान दुखेल म्हणून एका हाताने डोकं सावरून धरावं लागतं, वेणी अशी घालावी लागते की उशीवर टेकल्यावर ती टोचू नये. हे तुम्ही दर गुरुवारी करता, आणि कोणी टाळ्या वाजवत नसताना करता. तुमच्या पत्रात या कामाची कुठेही तक्रार नाही. बाकी प्रत्येक ओळीत भीती आहे आणि या एका ओळीत नाही. तुमच्यात दयेचं दान आहे असं मी इथून शिक्कामोर्तब करणार नाही, ते तुमच्या मंडळीने ओळखायचं असतं. पण त्या आजींच्या लेकीला एकदा विचारा की तुम्ही येता तेव्हा घरात काय बदलतं. तिचं उत्तर ऐकून मग ठरवा की देवाने तुम्हाला काहीच दिलेलं नाही का.

आता जबाबदारीचा प्रश्न. दया आहे हे धरलं तरी भगिनी मंडळाला बोलणारं माणूस लागतं, आणि तुम्ही म्हणता शब्द सुचत नाहीत. मोशेने जळत्या झुडपापुढे हेच सांगितलं होतं, निर्गमाच्या चौथ्या अध्यायात: मी बोलका नाही, आधीही नव्हतो, तू माझ्याशी बोलायला लागल्यानंतरही झालेलो नाही. शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव, इथपर्यंत तो आला. देवाने काय केलं? तोंड कोणी घडवलं, असं विचारून मी तुझ्या मुखाबरोबर असेन असं वचन दिलं. आणि मोशे तरीही मागे सरकला तेव्हा देव रागावला, पण त्याच रागात म्हणाला की तुझा भाऊ अहरोन चांगलं बोलतो, तो तुला भेटायला निघालाच आहे. मोशे इकडे सबबी सांगत होता आणि अहरोन तिकडून वाटेवर होता. देव गरज भागवतो तेव्हा दर वेळी ती आपल्याच आत काहीतरी घालून भागवेल असं नाही. पुष्कळदा तो माणूस पाठवतो. आपल्याला हे फारसं रुचत नाही, कारण दान माझंच असावं असं वाटत असतं. पण मंडळी नावाची व्यवस्था त्याने याचसाठी केली.

इथे एक गोष्ट सांगायची राहू नये. त्याच बोलक्या अहरोनाने पुढे सोन्याचं वासरू करून दिलं, कारण लोकांपुढे त्याला नाही म्हणता आलं नाही. तुमच्या आधीच्या ताईंबद्दल मी काहीच वावगं सुचवत नाही, त्यांचं बोलणं लोकांच्या मनाला भिडत होतं ही देवाचीच कृपा. पण बायकांचे डोळे भरून येणं हा मंडळ नीट चालल्याचा एकमेव पुरावा नसतो. त्यांच्यातली कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण दोन महिन्यांपासून आलेली नाही, हे कोणाला ठाऊक आहे? मला वाटतं पाळकांनी तुम्हाला विचारलं त्यामागे तुमचं गुरुवारचं काम असावं. हा माझा अंदाज आहे. तो खरा आहे का हे त्यांनाच विचारा.

तुम्हाला वाटतं की आधी दान हातात पडावं आणि मग जबाबदारी घ्यावी. मलाही तसंच आवडलं असतं. पण वचनात देवाची रीत बहुतेक वेळा वेगळी दिसते. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, रोजचा रोज पडायचा, ज्याने उद्यासाठी राखून ठेवला त्याच्या मान्न्यात किडे पडून वास सुटला, आणि शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळून तो टिकलाही. म्हणजे साठवण्याची गरज होती तेव्हा साठा टिकला, नव्हती तेव्हा टिकला नाही. त्यांना ओलांडायची होती ती यार्देन नदी कापणीच्या दिवसांत दुथडी भरून वाहत होती, आणि देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याच्या कडेला बुडाले तेव्हा वरचं पाणी थांबलं. ते तंबूत बसून पाणी ओसरायची वाट बघत राहिले असते तर कापणी संपेपर्यंत तिथेच बसले असते. दान पुरवण्याबाबत देवावर विसंबणं याचा मला कळलेला अर्थ हा आहे: आज समोर असलेलं काम उचलायचं, त्याला जे लागेल ते त्या कामात उभं राहून मागायचं, आणि उद्याचं त्याच्याकडे ठेवायचं.

मागायचं मात्र नक्की. विसंबणं म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ काही जण काढतात. "द्यायचं असेल तर देईल" असं म्हणतात आणि त्यात विश्वासापेक्षा थकवा जास्त असतो. पौल सांगतो की आत्मिक दानांची उत्कंठा बाळगा, विशेषतः ज्यांनी मंडळीची उन्नती होईल त्यांची. लूक ११ मध्ये प्रभू म्हणतो की मुलाने मासा मागितला तर बाप साप देत नाही, अंडं मागितलं तर विंचू देत नाही, मग स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा किती अधिक देईल. पित्याकडे अन्य भाषाही मागा, हवी असेल तर. फक्त शेजारणीला मिळाली म्हणून मागू नका, आणि नाही मिळाली तर पित्याची माया तिच्यावर जास्त आणि आपल्यावर कमी असा अर्थ लावू नका. त्याऐवजी मंडळाची जबाबदारी डोळ्यांसमोर ठेवून नेमकं मागा: या बायकांचं ऐकून घ्यायला धीर दे, वेळेला एक खरं वाक्य दे, कोणाला मदतीला घ्यायचं ते दाखव. याकोब म्हणतो की ज्ञान उणं असेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता उदारपणे देतो. दोष न लावता हे तुम्ही विशेष लक्षात ठेवा.

शिकणंही सोडू नका. तीमथ्याला हात ठेवून दान मिळालं होतं, तरी पौल त्याला वाचन, बोध आणि शिकवण यांत लक्ष घालायला सांगतो, तुझी प्रगती सगळ्यांना दिसू दे म्हणतो, आणि दुसऱ्या पत्रात ते दान पुन्हा फुलवून पेटव असं लिहितो. मिळालेलं दानही राखेखाली जाऊ शकतं. तुम्हाला चार माणसांत प्रार्थना करायला शब्द सुचत नाहीत ना? मग सुरुवातीला स्तोत्रच वाचा. आजींना वाचून दाखवता त्यातलंच एखादं घ्या. तेविसावं किंवा एकशे एकविसावं वाचा, आणि प्रत्येक दोन-तीन वचनांनंतर मंडळातल्या एका बहिणीचं नाव घेऊन त्या वचनातलंच तिच्यासाठी मागा. घरी आधी कागदावर लिहून काढलं तरी हरकत नाही. लिहिलेल्या प्रार्थनेत आत्मा नसतो असं म्हणणाऱ्यांना स्तोत्रसंहिता कशी मिळाली ते विचारावं. पौलाला मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा इतरांना शिकवणारे समजण्यासारखे पाच शब्द बरे वाटत होते. पाच शब्द तर तुम्हाला जमतील.

शेवटचा तुमचा प्रश्न: नाही म्हटलं तर अविश्वास होईल का? दर वेळी होत नाही. तब्येत, घर, वेळ यांचा विचार करून प्रार्थनेने दिलेला नकार प्रामाणिक असू शकतो, आणि तुमचा मधुमेह ताळ्यावर नसेल तर डॉक्टरांचं म्हणणं ऐकून मगच उत्तर द्या. पण "मला काहीच मिळालेलं नाही" हे कारण देऊन नाही म्हणू नका. ते खरं नाही, असं मला तुमच्याच पत्रावरून दिसतं.

पाळकांना भेटा आणि त्यांना तीन गोष्टी मोकळेपणाने सांगा. शुक्रवारी काय घडलं आणि तुम्ही का पुटपुटलात, हे त्यांना कळायलाच हवं. मग विचारा की त्यांनी तुमच्यात काय बघून हे काम देऊ केलं. आणि तिसरं म्हणजे बोलण्याचं, शिकवण्याचं काम अंगावर घेणारी एक बहीण बरोबर मागा, शक्य तर नाव घेऊन. तुम्ही दोघी मिळून मंडळ बघाल: बायकांच्या घरी जाणं, आजाऱ्यांची विचारपूस, कोण आली नाही त्याची चौकशी तुमच्याकडे, आणि वचनातून बोलणं तिच्याकडे. मुदतही ठरवून घ्या, सहा महिने म्हणा, आणि त्यानंतर तिघांनी बसून बघायचं की देवाने कोणाला काय दिलं. मंडळातल्या बायकांनाही तेव्हा विचारा, कारण मिळालं असेल तर ते त्यांना मिळालेलं असेल.

पाळक सोबतीण द्यायला तयार नसतील, सगळं तुम्हीच एकटीने करावं असा आग्रह धरतील, किंवा शुक्रवारची गोष्ट उडवून लावतील, तर लगेच हो म्हणू नका. थोडे दिवस मागून घ्या आणि मला पुन्हा लिहा, मग पुढचं बघू.